रेगेसाठी यंत्राला सूचना लिहिताना पहिली मात्रा रिकामी कशी ठेवावी?

खर्जप्रेमी

शब्दांत वर्णन दिले की गाणे तयार करून देणारी सूनो, यूडियो यांसारखी साधने आपल्यापैकी अनेकांनी आतापर्यंत हाताळली असतील. या धाग्यात मला एकाच संगीतप्रकाराबद्दल लिहायचे आहे, तो म्हणजे जमैकाचा रेगे. सूचनेत नुसते 'रेगे, आनंदी, समुद्रकिनारा' असे लिहिले, तर हॉटेलच्या स्वागतकक्षात वाजावे असे काहीतरी गुळगुळीत हाती पडते. त्यात बहुधा स्टील ड्रम असतो, जो मुळात त्रिनिदादचा आहे आणि किंग्स्टनच्या रेगेशी ज्याचा फारसा संबंध नाही. युकुलेले असते. आणि बेस ड्रम पहिल्या मात्रेवर असा दणकून पडतो की पुढचे ऐकावेसेच वाटत नाही.

रेगेचा जीव नेमका तिथेच आहे. 'वन ड्रॉप' या ठेक्यात चार मात्रांच्या आवर्तनातली पहिली मात्रा ड्रमवादक रिकामी सोडतो, आणि बेस ड्रम व स्नेअरच्या कडेवर मारलेली काठी (साइडस्टिक) हे दोन्ही एकदम तिसऱ्या मात्रेवर पडतात. बॉब मार्ली यांच्या वेलर्स या संचाचे ड्रमवादक कार्लटन बॅरेट यांनी हा ठेका जगभर पोचवला. गिटार दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर तुटक वाजते, तिला 'स्कँक' म्हणतात. ऑर्गन मधल्या फटींत दोन्ही हातांनी खदखदत राहतो, त्याला 'बबल' म्हणतात. आणि या सगळ्याखाली बेस गिटार चाल गाते. 'गाते' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे, कारण ॲस्टन 'फॅमिली मॅन' बॅरेट किंवा रॉबी शेक्सपिअर यांचा बेस गाणे संपल्यावरही गुणगुणता येतो, आणि त्यातही निम्मे काम ते जिथे थांबतात त्या जागा करतात.

यंत्र ज्या संगीतावर शिकलेले असते, त्यात पहिल्या मात्रेवर ठोका देणारी गाणीच भरमसाट असणार. त्यामुळे सूचना जितकी मोघम, तितके यंत्र त्या सवयीकडे घसरते. यावर मला लागू पडलेला उपाय असा की 'मूड' सांगणारी विशेषणे जवळजवळ काढून टाकावीत आणि त्यांच्या जागी कोणते वाद्य काय करते आहे ते सांगावे. सूचना इंग्रजीत लिहिली तर ती अधिक नेमकी पाळली जाते. तिचा आशय इथे मराठीत देतो:

'रूट्स रेगे, किंग्स्टन, १९७५, वन ड्रॉप ड्रम, तिसऱ्या मात्रेवर साइडस्टिक, चाल असलेला जाड बेस, मिश्रणात सर्वांत पुढे, कोरडी तुटक स्कँक गिटार, हॅमंड ऑर्गनचा बबल, तीन पुरुष आवाजांचा कोरस, मोजके ब्रास, टेपवरचे ध्वनिमुद्रण, स्प्रिंग रिव्हर्ब, ७५ बीपीएम (म्हणजे मिनिटाला ७५ मात्रा).'

यात 'पहिल्या मात्रेवर बेस ड्रम नको' असे वाक्य मी मुद्दाम घातलेले नाही. शैलीच्या रकान्यात नकार लिहिला, तर यंत्र 'नको' विसरते आणि बेस ड्रम मात्र लक्षात ठेवते. नको असलेल्या गोष्टींसाठी काही साधनांत वेगळा रकाना असतो. स्टील ड्रम, युकुलेले, ट्रॅपचे हाय-हॅट आणि ऑटोट्यून ही मंडळी तिथे बसवावीत.

गाव आणि साल लिहिण्याचा फायदा फार मोठा आहे. बहुतेक साधने कलाकाराचे नाव स्वीकारत नाहीत आणि ते योग्यच आहे, पण १९६६ लिहिले की रॉकस्टेडीचा संथ गोडवा येतो, १९६९ लिहिले की ऑर्गन चिरका आणि ठेका उड्या मारणारा होतो, १९७५ ला बेस जाड होतो आणि १९८५ ला सगळेच कीबोर्डवर जाते. हे बदल जमैकात खरोखर याच क्रमाने घडले: आधी स्का, मग १९६६ च्या सुमारास रॉकस्टेडी, १९६८ पासून रेगे.

माझ्या दोन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. मराठी शब्द या ठेक्यावर कसे बसवावेत, आणि डब, म्हणजे मुद्रित गाण्यातले आवाज काढून-घालून केलेले रेगेचे रूप, कसा करवून घ्यावा? जाणकारांनी लिहावे.

ठेकेदार

खर्जप्रेमी, उत्तम विषय काढलात. मी तबला आणि ढोलकी दोन्ही वाजवतो, त्यामुळे वन ड्रॉप प्रथम ऐकला तेव्हा मी सम शोधत बसलो होतो. आपले सगळे शिक्षण समेवर येण्याचे. तिहाई घेऊन समेवर उतरलो नाही, तर श्रोते आपल्याकडे बघतात. इथे मात्र सम आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिच्यावर ठोका द्यायला कोणी येत नाही. आपल्याकडे खालीला बायाँ गप्प होतो, तसे इथे समेलाच होते, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

तुमच्या सूचनेत एक व्यावहारिक भर घालतो. बीपीएमच्या आकड्यावरून इथे फार घोटाळे होतात. तुम्ही जी मोजणी दिली आहे, म्हणजे स्कँक दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर आणि ड्रॉप तिसऱ्यावर, ती मिनिटाला १५० च्या हिशेबाची आहे. तेच गाणे ७५ ने मोजले, तर ड्रॉप दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतो आणि स्कँक प्रत्येक दोन मात्रांच्या मधोमध. दोन्ही मोजण्या बरोबर आहेत आणि वादक दोन्ही वापरतात, पण सूचनेत ७५ लिहून सोबत 'तिसऱ्या मात्रेवर साइडस्टिक' लिहिले की यंत्राला दोन वेगवेगळे हिशेब मिळतात. एक तर १५० लिहून सोबत 'हाफ-टाइम फील' लिहावे, नाहीतर ७५ लिहून मात्रांचे क्रमांक गाळावेत. मला दुसरा मार्ग बरा वाटतो.

शिवाय वन ड्रॉप म्हणजेच रेगे असे समजू नये. स्टेपर्समध्ये बेस ड्रम प्रत्येक मात्रेला पडतो आणि चाल मिरवणुकीसारखी पुढे रेटते. किंग्स्टनच्या चॅनल वन स्टुडिओत १९७० च्या दशकाच्या मध्यावर स्लाय डनबर यांनी रॉकर्स नावाचा अधिक आक्रमक ठेका रुजवला. यंत्राला हे दोन ठेके वन ड्रॉपपेक्षा सोपे जातात, कारण त्यांत पहिल्या मात्रेवर काहीतरी असते.

ब्रिक्स्टनकर

मी लंडनच्या ज्या भागात राहतो, तिथे रेगे हा शेजाऱ्यांचा इतिहास आहे, म्हणून थोडे कडू लिहितो. रेगे किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतून आला. त्यातला मोठा भाग रास्ताफारी श्रद्धेचा आहे, त्यात गुलामगिरीची आठवण आहे, पोलिसांचा जाच आहे. २०१८ साली युनेस्कोने जमैकाच्या रेगेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, तेही अन्याय, प्रतिकार, प्रेम आणि मानवता या प्रश्नांवरच्या जागतिक चर्चेत त्याने घातलेली भर नमूद करून. हे सगळे वजा करून सूचनेच्या रकान्यात 'तीन पुरुष आवाजांचा कोरस' असे लिहायचे आणि शून्य वादकांना पैसे देऊन गाणे उतरवून घ्यायचे, हे मला पटत नाही.

जून २०२४ मध्ये अमेरिकेतील मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी सूनो आणि यूडियो या दोघांवरही खटले भरले. पुढे २०२५ च्या ऑक्टोबरात युनिव्हर्सलने यूडियोशी आणि नोव्हेंबरात वॉर्नरने सूनोशी तडजोड केली. म्हणजे मोठ्यांचे मोठ्यांशी जमले. पण जमैकाचे कित्येक जुने वादक एका सत्राचे ठरावीक पैसे घेऊन घरी गेलेले आहेत आणि त्यांचीच वाजवणी पुढे पन्नास वर्षे विकली गेली. अशा वादकांपर्यंत या तडजोडींतून काय पोचणार, हे मला कोणी समजावून सांगावे.

जुनी कॅसेट

ब्रिक्स्टनकर, तुमची तक्रार रास्त आहे, परंतु रेगेचा इतिहास यंत्राच्या बाबतीत इतका सोवळा नाही. १९८५ साली किंग्स्टनमध्ये 'स्लेंग टेंग' हा रिडिम, म्हणजे अनेक गाण्यांखाली वापरायचा बेस-ड्रमचा पाया, आला. तो कॅसिओच्या एमटी-४० या लहानशा घरगुती कीबोर्डमध्ये आधीच भरून आलेला एक ठेका होता. वेन स्मिथ आणि नोएल डेव्ही यांना तो सापडला, निर्माते किंग जॅमी यांनी त्याची गती कमी करून त्यावर गाणे बसवले, आणि बेस गिटार व ड्रम वाजवणाऱ्यांची गरज एका रात्रीत घटल्यासारखे वातावरण झाले. पुढे त्याच एका ठेक्यावर शेकडो गाणी निघाली. तेव्हाही 'बटण दाबून संगीत होते का?' हा प्रश्न विचारला गेलाच.

एकच वाजवणी अनेकांनी वापरणे हा तर जमैकाचा रोजचा व्यवहार आहे. किंग्स्टनच्या स्टुडिओ वनमध्ये १९६० च्या दशकात वाजवलेल्या रिडिमवर आजही नवी गाणी होतात. आपल्याकडे एकाच चालीवर दहा आरत्या असतात, त्यात कोणाला वावगे वाटत नाही.

ब्रिक्स्टनकर

जुनी कॅसेट, उदाहरण चांगले आहे, पण ते माझ्याच बाजूने साक्ष देते. तो ठेका कॅसिओसाठी ओकुदा हिरोको या तरुण संगीतज्ञ बाईंनी रचला होता, आणि त्यांनी महाविद्यालयात असताना आपला पदवी प्रबंध रेगेवरच लिहिला होता. म्हणजे बटणामागे एक माणूस होता, त्याने रेगे मनापासून ऐकला होता, आणि बटण दाबणाऱ्यांनी त्याची गती बदलली, त्यावर पियानो वाजवला, गायले आणि तो साउंड सिस्टिमवर, म्हणजे नाचाच्या जागी मोठ्या ध्वनिक्षेपकांवर, लोकांसमोर जोखून पाहिला. फेब्रुवारी १९८५ मध्ये जॅमी यांनी ब्लॅक स्कॉर्पिओ या प्रतिस्पर्धी साउंड सिस्टिमशी झालेल्या सामन्यात तो वाजवला, तेव्हा निकाल समोरच्या गर्दीने दिला. इथे रात्री दोन वाजता हेडफोन लावून 'पुन्हा तयार करा' हे बटण दाबत बसण्यात ती गर्दी कुठे आहे?

तरीही ज्यांना करायचेच आहे, त्यांना एवढीच विनंती की 'ज्या', 'बॅबिलॉन', 'आय अँड आय' हे रास्ताफारी शब्द मसाल्यासारखे भुरभुरवू नयेत. ते कोणाच्या तरी प्रार्थनेतले आहेत. आणि आवाजाच्या वर्णनात भाषा मराठी असल्याचे स्पष्ट लिहावे, नाहीतर यंत्र मराठी शब्दांना खोटा जमैकन हेल लावते. तो ऐकवत नाही आणि जमैकाच्या लोकांना तो चेष्टेसारखा वाटेल.

ओवीबद्ध

खर्जप्रेमींच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करते. मराठी शब्द रेगेवर बसत नाहीत अशी ओरड मी बऱ्याच ठिकाणी वाचली आहे. माझ्या मते लोक भावगीताच्या लांबच लांब ओळी घेऊन येतात आणि मग सगळ्या जागा शब्दांनी भरून जातात. रेगेला जागा हवी असते. त्यासाठी आपल्याकडे तयार छंद आहे, तो म्हणजे मोठा अभंग: सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरे, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक. नमुन्यादाखल मीच रचलेल्या ओळी देते, वाङ्मयीन मूल्य शोधू नये:

घाटाच्या वळणी
ट्रक उभा राही
चाक फिरे नाही
रात गेली

ठेकेदारदादांच्या १५० च्या हिशेबाने प्रत्येक चरणाला आठ मात्रा द्या, म्हणजे दोन आवर्तने, साधारण सव्वातीन सेकंद. पहिले तीन चरण त्यात आरामात बसतात. चौथा चरण चारच अक्षरांचा असल्याने दुसरे आवर्तन जवळजवळ मोकळे राहते, आणि तिथेच ब्रासने उत्तर द्यावे, कोरसने शेवटचे दोन शब्द परत म्हणावेत किंवा नुसता बेस ऐकू यावा. जो चरण छंदातच आखूड आहे, त्याला यंत्राने आखूड ठेवण्यासाठी वेगळी विनवणी करावी लागत नाही. गीताच्या रकान्यात चौथ्या ओळीखाली चौकटी कंसात 'ब्रासचे उत्तर' अशी खूण इंग्रजीत लिहिली, तर ती बऱ्याचदा पाळली जाते.

दोन खाचखळगे आहेत. अभंगात 'चाक' आणि 'रात' यांचे शेवटचे अक्षर पूर्ण म्हणायचे असते, यंत्र मात्र ते बोलण्यासारखे तोडते, मग सहाची पाच अक्षरे होतात आणि उरलेले अक्षर कुठेतरी विचित्र ताणले जाते. 'चाकऽ' असा अवग्रह लिहिला की फरक पडतो. दुसरे म्हणजे उच्चार. मी वापरते त्या साधनाचा गायक 'चाक' हा शब्द 'चाय' मधल्या च ने म्हणतो, म्हणून मी गीतात 'त्साक' लिहिते. 'वळणी'मधल्या ळ आणि ण या दोघांवर मात्र मला अक्सीर इलाज सापडलेला नाही. ळ असलेला शब्द लांबवलेल्या सुरावर येऊ देऊ नये, जलद जागेत टाकावा, म्हणजे कानाला कमी टोचतो.

खर्जप्रेमी

ओवीबद्धताई, तुमच्या ओळी तुमची परवानगी गृहीत धरून लगेच वापरून पाहिल्या. चौथ्या चरणानंतरची मोकळी जागा खरोखर मिळाली आणि तिच्यात ट्रॉम्बोन आला, तोही दोनच सुरांचा. 'वळणी'चे 'वलनी' झालेच. तिथे मी 'घाटाच्या कडेला' असा बदल केला, अक्षरे तितकीच राहतात.

ठेकेदार यांचा ७५ चा सल्लाही बरोबर ठरला. मात्रांचे क्रमांक काढल्यावर ठेका अधिक स्थिर येतो.

ब्रिक्स्टनकर यांच्या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मी स्वतः हे कच्च्या नकलेसारखे वापरतो. ठेका, बेसची चाल आणि शब्द यांचा मेळ बसतो का ते यंत्राकडून ऐकून घेतो आणि बसला की माणसांकडून वाजवून घेतो. गोव्यात २०१६ पासून गोवा सनस्प्लॅश हा रेगेचा महोत्सव होतो आहे, देशात स्कँक वाजवणारे हात आहेत. त्यांना शोधणे हे रकान्यात 'स्कँक' लिहिण्याहून कष्टाचे आहे, एवढेच.

अनवाणी

एक शंका आहे. असे गाणे स्वतःच्या नावाने प्रसिद्ध करता येते का, आणि एखाद्या दिवंगत शाहिराचे गीत रेगेत बसवले तर चालेल का? आंबेडकरी जलशातली गाणी मला भावगीतांपेक्षा रेगेला कितीतरी जवळची वाटतात. प्रश्न विचारणारा एक आवाज आणि मागे झील धरणारे तिघे.

जुनी कॅसेट

अनवाणी, जवळीक मलाही जाणवते, पण शब्द दुसऱ्याचे असतील तर सांभाळून. भारतात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, म्हणजे त्यांची गीते आणखी काही दशके वारसांच्या परवानगीनेच वापरावी लागतील. संतांचे अभंग मोकळे आहेत. स्वतःचे शब्द सर्वांत उत्तम.

यंत्राने केलेल्या संगीताचे म्हणाल, तर साधनाच्या अटी वाचाव्यात. सहसा फुकट खात्यावर केलेले गाणे व्यावसायिक वापरासाठी चालत नाही. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी २०२५ च्या अहवालात म्हटले आहे की केवळ सूचना लिहिल्याने निर्मितीवर लेखकाचे पुरेसे नियंत्रण सिद्ध होत नाही. तुम्ही लिहिलेले शब्द तुमचेच राहतात.

तारजोडणी

डबचा प्रश्न राहून गेला, त्यावर लिहितो. सूचनेत 'डब' लिहून डब मिळत नाही. मिळतो तो सगळीकडे सारखाच प्रतिध्वनी फासलेला रेगे. याचे कारण डब हा वाजवण्याचा प्रकार नसून मिश्रण करण्याचा प्रकार आहे. किंग टबी हे मुळात विद्युत उपकरणे दुरुस्त करणारे कारागीर. किंग्स्टनच्या वॉटरहाउस भागातल्या घरी त्यांनी चार ट्रॅकचे मिक्सर बसवले आणि आधीच मुद्रित झालेल्या गाण्यातून आवाज काढणे, बेस एकटा सोडणे, गिटारचा एखादाच ठोका प्रतिध्वनीत फेकणे हे सारे हाताने, त्या क्षणी केले. ली 'स्क्रॅच' पेरी यांचा ब्लॅक आर्क स्टुडिओही चारच ट्रॅकचा होता, शिवाय त्यांच्याकडे रोलंडचा स्पेस एको होता. कुठे काय गायब करायचे हा निर्णय म्हणजेच डब, आणि तो यंत्रावर सोपवला तर मग आपल्याला करायला काय उरते?

म्हणून यंत्राकडून साधा, कोरडा रेगे करवून घ्यावा. सूचनेतला रिव्हर्बचा उल्लेखही काढावा. मग त्याचे स्टेम, म्हणजे आवाज, ड्रम, बेस आणि उरलेले असे वेगळे ट्रॅक उतरवून घ्यावेत. ही सोय अनेक साधनांत पैसे भरल्यावर मिळते. ते ट्रॅक ऑडॅसिटी किंवा रीपर अशा ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडावेत. ७५ बीपीएमला एक मात्रा ८०० मिलिसेकंदांची होते. तिचा पाऊण भाग, म्हणजे ६०० मिलिसेकंदांचा डिले लावला की प्रतिध्वनी स्कँकच्या अंगावर न पडता फटींत पडतो. फीडबॅक निम्म्याच्या थोडा खाली ठेवावा, निदान सुरुवातीला. डिलेच्या परतीच्या वाटेवर हाय-पास फिल्टर लावून सुमारे ३०० हर्ट्झखालचे कापावे, नाहीतर बेसशी त्याची गर्दी होते.

आणि डिले संपूर्ण ट्रॅकला लावू नये. ओवीबद्धताईंच्या ओळीत 'गेली' हा एकच शब्द त्यात पाठवावा, त्याच क्षणी ड्रमचा ट्रॅक दोन आवर्तने बंद करावा आणि बेस चालू ठेवावा. ड्रम परत आणताना तो (१५० च्या मोजणीने) पहिल्या मात्रेवर आणायचा मोह होईल. तिसऱ्यावर आणा.